घडीखालचं नाव

स्मरणिकेसाठी 'दोन शब्द' पाठवा असं पत्र आलं तेव्हा शाळेवरच लिहायचं ठरवलं होतं. पण लिहायला बसलो की सरच समोर येऊन उभे राहतात. स्नेहसंमेलन, कबड्डीची ढाल, पिंपळाचा पार यांवर बाकीचे लिहितीलच.

सर म्हणजे कागदवाले सर. 1982 साली नववी 'ब'त असलेल्यांना आणखी सांगायला नको. सुट्टी लागली की ते पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागद वाचत बसायचे. "इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले आणि तुम्हाला 22 ओळी वाचायचा कंटाळा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर आपल्या पुस्तकात जेमतेम दीड पान होतं. 1773 मध्ये बोस्टनच्या बंदरात चहाच्या 342 पेट्या बुडवल्या, 1776 मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, धडा संपला. सरांनी त्या दीड पानाला तीन आठवडे घेतले. दिवाळीच्या सुट्टीत एसटीने मुंबईला जाऊन अमेरिकन लायब्ररीत बसून त्यांनी कागद हातानं उतरवून आणले होते. ते स्वतःच स्टेन्सिलवर कोरले आणि जिन्याखालच्या खोलीतल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर आमच्यासाठी काढले. वाटले तेव्हा शाई ओलीच होती. सदऱ्याला डाग पडला म्हणून मी घरी बोलणी खाल्ली.

एका कागदावर जाहीरनाम्यातला तो प्रसिद्ध भाग, सगळी माणसं समान जन्मली आहेत, हा. दुसऱ्यावर 14 सप्टेंबर 1769 च्या 'व्हर्जिनिया गॅझेट'मधली एक जाहिरात. दोन्हींची खालची कड दुमडून टाचणी लावलेली. "घडी उघडायची नाही," सरांनी बजावलं.

जाहिरात पळालेल्या गुलामाची होती. नाव सँडी, वय पस्तिशीच्या आसपास, बुटका, अंगानं भरलेला. धंदा बूट शिवण्याचा, त्यात मुख्यतः डावा हात वापरतो. दारू फार पितो, प्यायला की उद्धट होतो. जाताना एक पांढरा घोडा आणि बूट शिवण्याची हत्यारं घेऊन गेला आहे. त्या धंद्यात कुठंतरी काम मिळवायला बघेल. परगण्यात सापडला तर बक्षीस 40 शिलिंग, वसाहतीत इतरत्र 4 पौंड, वसाहतीबाहेर 10 पौंड.

"यातून माणूस कळतो का?" सरांनी विचारलं. कुणी दारुडा म्हणालं. मी "घोडेचोर" म्हणालो आणि स्वतःवर खूश झालो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जण उठला. त्याचे वडील एसटी स्टँडबाहेर चपला शिवायला बसत. नाव लिहीत नाही, आमच्या तुकडीला ठाऊक आहे. वर्षभरात तो वर्गात पहिल्यांदाच आपणहून बोलत होता.

"सर, डावखुऱ्याला दुसऱ्याची चामडं कापायची रापी चालत नाही. धार उलट्या बाजूनं लावावी लागते. म्हणून त्यानं आपली नेली असंल."

कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर 'रापी' एवढंच लिहिलं आणि म्हणाले, "हे मला त्या लायब्ररीत सापडलं नव्हतं." मग टाचण्या काढायला सांगितल्या. दोन्ही कागदांखाली एकच नाव होतं, थॉमस जेफरसन.

"म्हणजे खोटारडा!" मी ओरडलो. "थांब, कागद संपले नाहीत," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक कागद आणला. जेफरसननं जाहीरनाम्याच्या कच्च्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष दिला होता आणि काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधी सभेनं, तो परिच्छेदच गाळला होता. आम्ही जास्तच गोंधळलो. शेवटच्या तासाला सरांनी 1873 च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वाचून दाखवली. गुलामांच्या मुक्तीसाठी झिजले म्हणून जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं आहे. वार्षिक परीक्षेत यातलं काहीच आलं नाही. आल्या त्या चहाच्या पेट्या.

पुढे मी वकील झालो. तीसेक वर्षं दिवाणी दावे चालवले, दोनदा बारचा अध्यक्ष झालो. पक्षकार म्हणतो, "साहेब, सगळा गाव सांगेल." मी म्हणतो, "फेरफाराचा उतारा आण." हे सरांचंच.

2018 मध्ये मुलीकडे गेलो तेव्हा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मूळ जाहीरनामा पाहिला. अंधूक उजेड, काचेखाली कातडी कागद, शाई इतकी विटलेली की वाचता येईना. आमचा सायक्लोस्टाइल त्यापेक्षा स्पष्ट होता! सँडीचं पुढे काय झालं तेही त्याच मुक्कामात वाचनात आलं. तो सापडला. 1773 मध्ये जेफरसननं त्याला 100 पौंडांना विकला. पेट्यांचंच साल. हे सरांना सांगायला हवं होतं, पण तोवर ते गेले होते.

जिन्याखालच्या खोलीत आता इन्व्हर्टर ठेवलाय म्हणे. वर्गात मोठे पडदे आलेत, त्यांवर जगातला कुठलाही कागद दिसतो. दाखवतं कोण, माहीत नाही. स्टँड नवा झाला तेव्हा बाहेरच्यांच्या जागाही गेल्या. मागच्या बाकावरच्या मित्राचा पत्ता कुणाकडे असेल तर कार्यालयात द्यावा.

जाहिरातीचा तो कागद शाळेच्या संग्रहासाठी सोबत पाठवतो आहे. खालची घडी जपून उघडा, तिथं तो विरत आलाय.