आमची वाटचाल : जिनिंगचं पॅनेल आणि पंखा

हिंगणघाट पट्ट्यातल्या जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्यांना) आणि दालमिलला आम्ही कंट्रोल पॅनेल देतो, म्हणजे मोटारी चालवणारी विजेची पेटी. आतली उष्णता काढायला तिला पंखा लागतो. बरी वर्षं आली-गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते शहरातल्या एका पुरवठादाराबद्दल.

त्यानं भाव पाडला. वर छातीठोक सांगायचा, "आमच्या पंख्याचा सीएफएम जास्त." सीएफएम म्हणजे पंखा मिनिटाला किती घनफूट हवा हलवतो ते. अहो, कॅटलॉगातला सीएफएम मोकळ्या हवेतला! जिनिंगमध्ये फिल्टरवर रुईचं तूस गादीसारखं बसतं, मग कुठला सीएफएम? आम्ही हे सांगितलं की लोक म्हणत, "तुमचं महाग आहे म्हणून बोलता." एक अख्खा सीझन ऑर्डर नाही. पोरांचे पगार घरातलं सोनं गहाण ठेवून दिले. भागीदार तेव्हाच वेगळा झाला. त्याला दोष देत नाही. म्हणजे थोडा देतोच.

टिकून राहिले ते एक दालमिलवाले काका. मे महिन्यात त्यांनी भावाच्या मिलवर बोलावलं. "बाप्पा, पंखा तं फिरते, मंग ड्राइव्ह काहून ट्रिप मारते?" पॅनेल अर्थातच त्या पुरवठादाराचं. पंखा वर, आतली हवा बाहेर ओढणारा. त्यामुळे केबलच्या प्रत्येक भोकातून डाळीचा भुसा आत. ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, १५ किलोवॅटचा. ३ टक्के तोटा धरला तरी ४५० वॅट उष्णता. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त वाढू द्यायचं नसेल, तर हवेचा ठरलेला गुणक ३.१ गुणिले ४५० भागिले १०, म्हणजे तासाला १४० घनमीटर हवा लागते, आणि तीही फिल्टरमधून. बाहेरच ४५ अंश असताना आत ५५ होणारच. पंखा काही एसी नाही. तेवढ्या उष्णतेतही पुरावा म्हणून आम्ही ड्राइव्ह एक साइज मोठा टाकला, पंखा खाली आत फुंकणारा बसवला, वर जाळी दिली. ट्रिपिंग थांबलं. काकांनी ही गोष्ट अख्ख्या बाजारात केली.

आमची टेस्टिंगची पेटी म्हणजे पॅनेलचं जुनं खोकं. आत उष्णतेसाठी २०० वॅटचे बल्ब, खाली-मध्ये-वर तापमान मोजायला थर्मोकपल, जाळीवर हवेचा वेग मोजायला ॲनेमोमीटर, हवा कुठून पळते ते बघायला उदबत्ती. फिल्टर मुद्दाम जिनमधून काढलेला, मळका. बुशवाला (साध्या नळीत दांडा फिरणारा) पंखा आम्ही घेत नाही, बॉल बेअरिंगच. नव्या पोरांनो, पंख्यात शंभर-दोनशे वाचवू नका, आणि सीझनच्या तोंडावर उधारीत पॅनेल देऊ नका.

त्या पुरवठादाराचे पॅनेल आजही आमच्याकडे दुरुस्तीला येतात. करून देतो. व्हिजिटचे पैसे मात्र आधी घेतो.