आमची वाटचाल : पॉइंट मोजल्याशिवाय रेट नाही

1998 साली नाशिकमध्ये फर्म सुरू केली, तेव्हापासून आम्ही एकाही नव्या घराचं वायरिंग स्क्वेअर फुटावर घेतलेलं नाही. नकाशावर पॉइंट, म्हणजे दिवा, पंखा, प्लग यांची प्रत्येक जागा, मोजायचे आणि त्यावर रेट लावायचा. या हट्टापायी कामं गेली, एकदा तर फर्मच बंद पडायची वेळ आली. तरी पद्धत सोडली नाही, याचा मला अभिमान आहे.

स्क्वेअर फुटात घर किती मोठं ते कळतं, काम किती ते कळत नाही. हजार फुटांच्या एका घरात दोन एसी, गिझर, बेडपाशी टू-वे (एकच दिवा दोन जागांहून चालू-बंद करायचं बटण) आणि इन्व्हर्टरची वेगळी लाइन असते. तेवढ्याच दुसऱ्या घरात ट्यूब, पंखे आणि फ्रिजचा पॉइंट. म्हणून लाइट-पंख्याचा पॉइंट वेगळा, 16 अँपिअरचा वेगळा, एसीचा वेगळा. मेन लाइन धावत्या मीटरवर, डीबी (घरातल्या सगळ्या लाइन जिथून वाटल्या जातात तो बोर्ड) आणि अर्थिंग स्वतंत्र. पैसेही टप्प्याटप्प्याने: स्लॅबचं पायपिंग, भिंतीत झिरी मारून पाइप-बॉक्स, वायर ओढणं, शेवटी प्लेट आणि टेस्टिंग.

पाथर्डी फाट्याजवळचा एका निवृत्त गुरुजींचा बंगला हे आमचं पहिलं मोठं काम. गुरुजींनी नकाशावर लाल पेनाने प्रत्येक पॉइंट स्वतः मांडला होता. स्लॅब भरायच्या दिवशी ते आमच्याआधी साइटवर हजर. फॅनबॉक्सची तोंडं बंद आहेत ना, काँक्रीट ओतताना कुणाचा पाय पाइपवर पडत नाही ना, सगळं बघायचे. हाताने फिरवायचा 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्शुलेशन तपासायचं यंत्र, मी पहिल्यांदा त्यांच्याच घरी लावला. तो अजून चालतो, आणि प्रत्येक सर्किट त्यावर तपासल्याशिवाय आम्ही टेस्ट रिपोर्टवर सही करत नाही.

पुढची वर्षं काम चालत राहिलं.

2019 च्या अखेरीस रो-हाऊसची मोठी स्कीम घेतली, मटेरियलसकट. तांब्याचा भाव हलला तर वायरीच्या किमतीतला फरक मिळेल, असं कागदावर लिहिलेलं होतं. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं, तेव्हा जागतिक बाजारात तांबं टनाला 5 हजार डॉलरच्या खाली होतं. मे 2021 मध्ये ते 10 हजारांवर गेलं. स्लॅब आणि भिंतींचं पायपिंग आमचं झालेलं, वायर ओढायची बाकी. बिल्डरने फरक नाकारला, झालेल्या कामाचं बिल अडवलं आणि आमच्याच पाइपांत वायर ओढायला दुसरा ठेकेदार आणला. स्क्वेअर फुटावर, आमच्यापेक्षा कितीतरी कमी रेटने.

तो रेट त्याला कसा परवडला, ते नंतर तिथल्या घरमालकांनी आम्हाला बोलावलं तेव्हा दिसलं. दीड चौरस मिलिमीटरच्या जागी एकची वायर, गिझरला चारच्या जागी अडीच, दोन सर्किटना मिळून एकच न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर. त्यामुळे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं सुरक्षेचं स्विच) ट्रिप होते म्हणून त्याने ती काढूनच टाकली होती! लोकांच्या जिवाशी खेळून रेट कमी करणाऱ्याला लोक स्वस्त ठेकेदार म्हणतात, हे मला आजही सहन होत नाही.

आमची मात्र गाडी विकली गेली, गोडाऊन सोडावं लागलं, दोन चांगले वायरमन हातचे गेले. दुकानदाराची उधारी थकल्यामुळे माल मिळेना. तेव्हा गुरुजींनी मुलाच्या घराचं काम दिलं. म्हणाले, "वायरी माझ्या नावावर मी आणतो. तू यादी दे आणि मजुरी घे." त्या एका कामावर फर्म पुन्हा उभी राहिली. आज आमची बहुतेक कामं अशीच असतात: मटेरियलचं बिल मालकाच्या नावावर, आमची फक्त मजुरी, पॉइंटवर.

घर बांधणाऱ्यांना एवढंच सांगतो. कोटेशनमध्ये वायरची कंपनी आणि साइज, पाइपचा गेज (जाडी) आणि आरसीसीबी किती मिलिअँपिअरची (माणसाच्या बचावासाठी 30 ची लागते) हे लिहून घ्या. वायरचं बंडल वजनकाट्यावर ठेवा: दीडच्या 90 मीटर बंडलात तांबंच सुमारे 1.2 किलो असतं, इन्शुलेशनचं वजन वर. त्याहून हलकं भरलं तर परत करा. वाढीव पॉइंटचा रेट काम सुरू व्हायच्या आधी ठरवा, कारण प्लास्टर झाल्यावर बायको-मुलांच्या मागण्या हमखास निघतात.

आणि फोनवर रेट विचारू नका. नकाशा घेऊन या, पॉइंट समोर बसून मोजू.