टेस्टर ते स्क्रम मास्टर : पीएसएम वन परीक्षेचा माझा अनुभव

हिंजवडीतल्या एका कंपनीत बरीच वर्षे टेस्टर म्हणून काम केल्यानंतर आमच्या टीमच्या स्क्रम मास्टरची (स्क्रम या टप्प्याटप्प्याने सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतीत टीमला मार्गदर्शन करणाऱ्या व्यक्तीची) जबाबदारी माझ्याकडे येणार असे ठरले, तेव्हा कोणते प्रमाणपत्र घ्यावे हा प्रश्न प्रथम समोर आला. स्क्रम अलायन्स या संस्थेच्या सीएसएमसाठी (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा वर्ग पूर्ण करावाच लागतो, त्यानंतर ५० प्रश्नांची परीक्षा असते आणि दर दोन वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. केन श्वेबर यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेच्या पीएसएम वनला (प्रोफेशनल स्क्रम मास्टर, पहिली पातळी) वर्गाची सक्ती नाही आणि प्रमाणपत्राची मुदतही संपत नाही; मात्र ६० मिनिटांत ८० प्रश्न सोडवून किमान ८५ टक्के गुण मिळवावे लागतात. मी पीएसएम निवडले. चर्चेतून लवकर शिकणाऱ्यांना सीएसएमचा वर्ग अधिक उपयोगी पडेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अभ्यासाचा मुख्य आधार म्हणजे स्क्रमचे दोन जनक श्वेबर आणि जेफ सदरलँड यांची २०२० ची स्क्रम गाइड, म्हणजे स्क्रमचे नियम सांगणारी पुस्तिका. ती इतकी छोटी आहे की एका बैठकीत वाचून होते, पण प्रत्येक वाक्य आपल्या टीमच्या रोजच्या कामाशी ताडून पाहू लागले की अभ्यास लांबत जातो, आणि तो तसाच करावा. महिनाभराच्या स्प्रिंटसाठी (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यासाठी) प्लॅनिंगला जास्तीत जास्त ८ तास, झालेले काम दाखवण्याच्या रिव्ह्यूला ४ आणि कामाची पद्धत सुधारण्यावर बोलण्याच्या रेट्रोस्पेक्टिव्हला ३ तास, तर रोजच्या छोट्या बैठकीला, म्हणजे डेली स्क्रमला स्प्रिंट कितीही दिवसांचा असला तरी १५ मिनिटे, हे आकडे सहज पाठ होतात.

माझ्यासाठी सर्वांत मोलाचा भाग वेगळाच होता. गाइडमध्ये टेस्टर असे स्वतंत्र पद नाही. इन्क्रिमेंट, म्हणजे प्रॉडक्टमध्ये पडणारी वापरण्याजोगी भर, तयार करण्यात ज्याचा ज्याचा हात लागतो, तो प्रत्येक जण डेव्हलपर. शिवाय डेफिनिशन ऑफ डनमध्ये (काम पूर्ण कधी मानायचे याच्या निकषांत) न बसणारे काम रिलीज तर करता येत नाहीच, पण ते स्प्रिंट रिव्ह्यूमध्येसुद्धा मांडता येत नाही. ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, परत जाते. आमच्याकडे दोन आठवड्यांच्या स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत सगळे बिल्ड (सॉफ्टवेअरच्या चालवून पाहता येणाऱ्या आवृत्त्या) टेस्टिंगला येत, कोडिंग संपलेली स्टोरी, म्हणजे कामाचा एक छोटा भाग, पूर्ण धरली जाई आणि उरलेले बग पुढच्या स्प्रिंटच्या डोक्यावर बसत. टेस्टिंगला वेळ हवा ही आमची जुनी मागणी होती, पण ती आम्हा दोघीतिघींची गाऱ्हाणी म्हणून ऐकली जाई. आता तिच्या पाठीशी संपूर्ण टीमला लागू असलेला नियम होता.

सरावासाठी स्क्रम डॉट ऑर्गची ३० प्रश्नांची मोफत चाचणी आहे. ती सलग काही वेळा पूर्ण गुणांनी सुटेपर्यंत मी परीक्षेला हात घातला नाही. परीक्षा ऑनलाइन आणि इंग्रजीतून होती. प्रश्नामागे पाऊण मिनिट मिळते, त्यामुळे एकापेक्षा अधिक उत्तरे निवडायचे प्रश्न खूण करून मागे ठेवणे सोयीचे जाते. उत्तर देताना ऑफिसातली पद्धत बाजूला ठेवावी लागते. स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा (प्रॉडक्टमध्ये कोणते काम आधी करायचे हे ठरवणाऱ्या व्यक्तीचा), हे कितीही पाठ असले तरी मॅनेजरच्या निर्णयाने चालणाऱ्या टीममध्ये वावरलेल्या माणसाचे बोट नकळत चुकीच्या पर्यायाकडे जाऊ शकते. परीक्षा संपताच निकाल दिसला आणि मी उत्तीर्ण झाले होते.

नव्या जबाबदारीत पहिल्याच रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये मी डेफिनिशन ऑफ डनचा विषय मांडला. ऑटोमेशन आणि रिग्रेशन टेस्टिंग (नव्या बदलांमुळे जुने काही बिघडले नाही ना, हे तपासणे) त्यात यावे यावर बराच वाद झाला, कारण त्यामुळे स्प्रिंटमध्ये कमी स्टोरी घ्याव्या लागणार होत्या, आणि अमेरिकेतल्या प्रॉडक्ट ओनरबाईंना ते पटवून देणे सोपे नव्हते. अर्धवट स्टोरी दाखवण्याऐवजी मोजक्या पण चालणाऱ्या स्टोरी रिव्ह्यूमध्ये दिसू लागल्यावर त्यांचा विरोध मावळला. टेस्टिंगची कामे आता प्लॅनिंगमध्येच लिहिली जातात, आणि पहिले बिल्ड स्प्रिंटच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या हाती येते.