तुम्ही विचारलंत म्हणून: तिथलं रामेन आणि इथलं

जपानमधल्या फुकुओकात चार वर्षं काढून पुण्यात परतल्यापासून ओळखीचं कुणी ना कुणी रामेनबद्दल, त्या रश्शातल्या शेवयांबद्दल, विचारतंच, ‘इथल्या रामेनला तिथली चव येते का हो?’ मी ‘नाही’ म्हणून मोकळा होतो आणि तुम्हाला वाटतं, हा शिष्टपणा करतोय.

हाकाता म्हणजे फुकुओकाचाच एक भाग. तिथल्या रामेनचं सगळं गणित वेळेवर चालतं. डुकराची हाडं तासन् तास खळाखळा उकळतात, तेव्हा कुठे रस्सा दुधासारखा पांढरट होतो. शेवया बारीक, मिनिटभरात शिजणाऱ्या आणि तितक्याच लवकर फुगणाऱ्या. म्हणून त्या थोड्याच वाढतात. संपल्या की ‘काएदामा’ म्हणायचं, उरलेल्या रश्शात ताज्या शेवया पडतात. दहा-पंधरा मिनिटांत माणूस उठतो. आपल्याकडे वाडगा आला की आधी फोटो, मग गप्पा. तोवर त्या शेवयांचा लगदा होईल. कुणाला नावं ठेवत नाहीये मी, आपली जेवायची रीतच निराळी.

आई तिकडे आली होती तेव्हा हौसेने तिला माझ्या नेहमीच्या दुकानात नेलं. ती पक्की शाकाहारी. दारातच हाडांचा वास आला. ती काही बोलली नाही, पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली आणि मी शेजारी बसून पोटभर खाल्लं. याची आजही लाज वाटते.

पुढे पुण्यात एका ठिकाणी तिच्यासाठी व्हेज रामेन मागवलं. सोयाचं दूध, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट), तीळ, मशरूम. तिने मन लावून खाल्लं. शेवटी तिकडच्या लोकांना पाहिलं होतं तसा वाडगा उचलून तोंडाला लावला. म्हणाली, “हेच ना रे तू तिथे खायचास?”

मी म्हणालो, “छे, हे ते नव्हे.”

तिने वाडगा खाली ठेवला. तळाशी दोन घोट रस्सा राहिला होता. “बरं,” म्हणाली आणि तोंड पुसलं.

रामेन मुळात चीनमधून आलेलं. १९१० साली तोक्योच्या असाकुसात राईराईकेन हे रामेनचं दुकान निघालं, तेही चिनी आचाऱ्यांच्या हातावर. मिसो तर साप्पोरो शहरातल्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धानंतर घातला. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. मग कुठल्या ‘खऱ्या’च्या वतीने मी तिला नाही म्हणालो? पण खोटं तरी कसं सांगायचं? चव ती नव्हतीच.

त्यानंतर दोनदा आईला तिथे चल म्हटलं. “तू जाऊन ये, मला आता ते पचत नाही,” म्हणते.