चिऱ्याचा रंग

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, तेव्हा मी नववीत होतो. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल बघायला माणसं घरदार घेऊन जायची. ६४ मीटर उंच! पुढच्या प्रदर्शनात आमच्या वर्गाला रेल्वेच करायची होती, दुसरं काही सुचतच नव्हतं.

एकाच्या मुंबईच्या काकांनी दिलेली सेलवर पळणारी गाडी होती. प्लायवर रूळ ठोकले, वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून डोंगर रचला, त्यावर हिरवा रंग फासला. माड डोंगराहून उंच झाले. चित्रकलेचे सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “अरे, या डब्यात बसणारा माणूस केवढा असेल? आधी तो कर. मग माड कर.”

पुठ्ठ्याचा माणूस कापला, जेमतेम दोन सेंटिमीटरचा. त्याच्या मागोमाग दार, घर, माड सगळं मापात आलं.

रंगाचं मात्र सांगून भागणारं नव्हतं. सर आम्हाला शाळेमागच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, घेऊन गेले आणि एक चिरा फोडला. आत तांबडा, मधे पिवळट, बाहेरून पावसाळे खाऊन काळा. “रेल्वेने डोंगर कापलाय तिथे यातलं काय दिसेल?” रोज त्या सड्यावरून शाळेत येत होतो, पण उत्तर द्यायला वेळ लागला. परत येऊन दरडी तांबड्या केल्या, माथा काळा केला. हिरवा उरला फक्त खाचरांपुरता.

आज माझ्या घरी आठ बाय चार फुटांच्या प्लायवर १:८७ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान, कोकण उभं आहे. त्या मापात पानवलचा पूल ७४ सेंटिमीटर उंच होतो आणि जवळजवळ पाच मीटर लांब. खांब कमी केले, उंची सोडली नाही. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा ७५ मीटर भरेल, म्हणून त्याची नुसती दोन तोंडं केली. रूळ विकतचे, दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर असलेले. आपला ब्रॉडगेज या मापात १९ च्या वर जातो. ती खंत आहेच.

माडाचा बुंधा तारेवर काथ्या गुंडाळून केला, झावळ्या कागदाच्या. खडी चाळलेल्या कचेची. तिच्यावर आधी भांड्यांच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारायचं, मग पातळ फेव्हिकॉल थेंबाथेंबाने सोडायचा. साबण विसरला तर फेव्हिकॉल आत मुरत नाही, खडी त्याच्यावर तरंगते.

माती मात्र मी विकतची वापरत नाही. दर मे महिन्यात गावी आलो की शाळेमागच्या सड्यावरची चिऱ्याची भुकटी नेतो, कढईत भाजतो, मलमलीतून चाळतो. फेव्हिकॉल सुकला की ती थोडी गडद होते, तेवढी गृहीत धरावी लागते.

तो पुठ्ठ्याचा माणूस मी जपून ठेवला होता. आता बोगद्याच्या तोंडाशी, तांबड्या दरडीखाली तो उभा आहे. हातात कंदील दिलाय, पावसाळ्यात गस्तवाल्यांच्या हाती असतो तसा.