लसावि आणि घुमट

आपल्या शाळेला त्या काळी संगीतशिक्षकाचे पद मंजूर नव्हते. आम्हाला घुमट, म्हणजे आपले गोव्याचे तालवाद्य, शिकवले ते गणिताच्या सरांनी, आणि तेही लसावि शिकवता शिकवता. सरांच्या छडीबद्दल, सायकलबद्दल शाळेच्या या अंकात बाकीचे पुष्कळ लिहितील. मी सहावीतल्या त्या एका तासाबद्दल लिहिते, कारण आज पुण्यातल्या एका शाळेत मी मुलांचा वाद्यमेळ बसवते आणि माझी निम्मी शिदोरी त्या तासातली आहे.

3 आणि 4 चा लसावि 12, हे फळ्यावर लिहून झाले होते. आम्ही माना डोलावल्या. आमच्या माना डोलावण्यावर सरांचा कधीच विश्वास नव्हता. त्यांनी खडू ठेवला, डस्टर उचलला आणि टेबलावर सारख्या अंतराने ठोकत एक ते बारा मोजायला लागले. खिडकीकडच्या रांगांनी एकापासून तीन-तीनच्या अंतराने टाळी द्यायची, भिंतीकडच्यांनी चार-चारच्या. पहिल्या खेपेला नुसता बाजार झाला. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या. मग सरांनी फळ्यावर सहा आकडे लिहिले: 1, 4, 5, 7, 9, 10. टाळ्या नेमक्या इथे पडल्या पाहिजेत, बाकी ठिकाणी हात हवेत. एकावर दोन्ही बाजू मिळून पडतात, मग फाटाफूट होते, चार-पाचला एकमेकांच्या अंगावर गेल्यासारखे होते, नऊ-दहा पुन्हा लागोपाठ, आणि नंतरच्या एकाला सगळा वर्ग एका टाळीत. ‘दोघांची गाठ जिथे पडते तो लसावि,’ एवढेच सर म्हणाले. परीक्षेत आमच्यातल्या कुणाचा लसावि चुकला असेल असे मला वाटत नाही. (मसावि मात्र पुष्कळांचा चुकला. त्याची टाळी सरांना बसवता आली नव्हती.)

पुढच्याच आठवड्यात सरांनी घरचे घुमट आणले. सरांच्या घरी शिगम्यात देवळापुढे सुंवारी, म्हणजे घुमटांचा मेळ, वाजवण्याचा मान होता. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे मडके. मोठ्या तोंडावर चामडे ओढून बांधलेले, लहान तोंड उघडे. दोरीने गळ्यात अडकवायचे. उजव्या हाताची बोटे चामड्यावर पडतात हे लांबून कुणालाही दिसते, खरी करामत डाव्या हाताची. लहान तोंड मोकळे ठेवले की घुमारा सुटतो, झाकले की आवाज दबतो, आणि वाजत असतानाच तळवा थोडा थोडा सरकवला की सूर झुलायला लागतो. आम्ही सगळे उजव्या हातावर तुटून पडायचो. सर उजवा हात धरून ठेवायचे आणि स्वतः चामड्यावर बोटे मारत आम्हाला फक्त डावा तळवा चालवायला लावायचे. मडक्यातला वारा तळहाताला लागतो. हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून कळायचे नाही.

भाद्रपदातल्या दमट हवेत चामडे सैल पडायचे. मग शिपाईकाकांच्या चहाच्या स्टोसमोर घुमटे शेकायला रांग. जुन्या घुमटांना घोरपडीचे चामडे असे आणि जाणकार अजूनही त्या नादाची आठवण काढतात. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय आहे आणि आता बकऱ्याचेच चामडे चढते. मला विचाराल तर मुलांच्या हाती द्यायला ते उत्तम आहे. फरक ऐकू येण्याइतके कान तयार होईपर्यंत सातवी उजाडते.

मुलींच्या गळ्यात घुमट अडकवले म्हणून तेव्हा कुजबुज झाली होती. चवथीला घुमट पुरुषांनी वाजवायचे आणि बायकांनी फुगड्या घालायच्या, ही तेव्हाची वाटणी. आता गोव्यात बायकांची घुमट आरती पथके गावोगावी आहेत, त्यामुळे आजच्या मुलींना यात विशेष काय ते कळणार नाही. माझ्या आजीला मात्र विशेष वाटले होते. ‘वाजय, पूण देवळांत न्हय,’ असे तिने बजावले होते.

सरांची खरी हुशारी वाद्ये वाटण्यात दिसायची. कोणत्याही गॅदरिंगला ढोलकी हुशार मुलाला मिळते आणि टाळ-झांजा उरलेल्यांच्या गळ्यात पडतात. सरांकडे उलटे होते. कासाळे, म्हणजे आपल्या मोठ्या झांजा, त्यांनी वर्गातल्या सर्वांत अबोल मुलीला दिल्या. कारण तिला घाई नसायची. घुमट भरकटले तर चालेल, दोन काड्यांनी वाजणारा शामेळ धावला तरी एक वेळ सावरता येईल, पण कासाळ्याने जागा सोडली की मेळ बुडाला. ती मुलगी वर्षभर त्या एका जागेवरून हलली नाही, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत वाजवायला शिकलो.

हे मला पुण्यात, फार वर्षांनी, घानाच्या निमित्ताने पुन्हा भेटले. घानातल्या एवे लोकांच्या मेळात गानकोगुई नावाची लोखंडी जोडघंटा असते. ढोल कितीही गुंतागुंतीचे बोलोत, घंटा आपला एकच घाट फिरवत राहते आणि बाकी सगळे तिच्या आधाराने उभे असतात. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध घाट 12 मात्रांत 7 आघातांचा आहे: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. कुणी तो तीन-तीनच्या चार पावलांत ऐकतो, कुणी चार-चारच्या तीन पावलांत. म्हणजे आमच्या खिडकीकडच्या रांगा आणि भिंतीकडच्या रांगा! माझ्या वर्गातल्या मुलांना मी हा घाट देते तो आधी सरांची टाळी पक्की करून घेऊनच. ज्यांना ती टाळी येते त्यांना घंटा जड जात नाही.

हल्ली शहरातल्या शाळांत जेंबे घेण्याची हौस आहे. वाद्य सुंदर आहे, वाद नाही. माली-गिनीकडच्या मांडे लोकांचे, एकाच ओंडक्यातून कोरलेले, बकऱ्याच्या कातड्याचे. मध्यभागी तळवा पडला की बास, कडेला बोटे जुळवून टोन, सैल सोडून स्लॅप. पण एका शाळेने एकदम दोन डझन आणले आणि मुलांना गोल बसवून सगळ्यांना एकच ठेका बडवायला लावला. कानठळ्या बसल्या आणि महिन्याभरात सगळे जेंबे भांडारात गेले. दोष जेंब्याचा नाही. तिकडेही तो एकटा नसतो, काड्यांनी वाजणारे दुनदुन त्याला खालून धरून ठेवतात. माझ्या वर्गात चार जेंबे, दोन काहोन पेट्या, चार घुमटे, दिमड्या आणि एक घंटा आहे. उरलेली मुले टाळ्या आणि मांड्यांवर. दर आठवड्याला जागा बदलतात. घंटेची जागा मात्र मागून मिळत नाही, ती मी देते.

मडक्याचे कुळही मोठे आहे, हे मुलांना फार आवडते. आंध्रातल्या बुर्रकथेत गुम्मेटा वाजतो तो घुमटाचा जवळचा नातेवाईक. दक्षिणेतल्या घटमला चामडेच नाही, त्याचे तोंड वादकाच्या पोटाशी असते. नायजेरियातल्या इग्बो बायकांचा उडू म्हणजे पाण्याचा माठ आणि कुशीला एक जादा भोक. त्या भोकावर तळवा आपटला की खोल हुंकार निघतो. हे वाद्य मुळात बायकांचेच, हे आजीला सांगायचे राहून गेले.

काहोन तर साधी लाकडी पेटी. पेरूमध्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी मालाची खोकी वाजवून ती घडवली. त्या देशाने 2001 मध्ये काहोनला राष्ट्रीय वारशाचा मान दिला. गोव्याने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले ते 2019 मध्ये. त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटले होते. पुण्याच्या मुलांना कारण कळले नाही, पेढे आवडले.

आता कामाचे. आमच्या बॅचतर्फे शाळेला घुमटे द्यायची आहेत. डिचोलीच्या कुंभारांकडे मडकी सांगून ठेवली आहेत, चामडे पावसाळा सरल्यावर चढवू. ती लोखंडी कपाटात कोंडू नयेत, चामड्याला बुरशी येते. ऑफिसातल्या फळीवर, भिंतीपासून जरा पुढे ठेवावीत, आणि मुलांना मधल्या सुट्टीत हात लावू द्यावा. मडके फुटले तर मुलाच्या पालकांकडून भरपाई घेऊ नये, आम्हाला कळवावे, दुसरे पाठवू. कासाळ्यांची जोडी आमच्यातल्या एकाने कबूल केली आहे. शामेळ अजून मिळालेला नाही. कुणाच्या घरी माळ्यावर पडून असेल तर शाळेच्या ऑफिसात सांगून ठेवा.