लाल की हिरवी? न्यू मेक्सिकोत तिखट खायला निघालेल्यांसाठी

हॅच गाव अजून दिसतही नव्हतं. गाडीच्या काचा खाली केल्या आणि मागच्या सीटवरून आई म्हणाली, "कुणीतरी मिरच्या भाजतंय." सप्टेंबरची सकाळ होती. पाच मिनिटांनी रस्त्याकडेला ते दिसलंच: लोखंडी जाळीचं आडवं पिंप, खाली गॅसच्या मोठ्या ज्योती, आणि आत गरगर फिरणाऱ्या वीतभर लांब हिरव्या मिरच्या. साल काळी पडून सुटायला लागली की त्या गरमागरम पिशवीत बांधतात, म्हणजे वाफेने उरलेली सालही सैल होते. माणसं पोतीच्या पोती भाजून नेतात, घरी सोलतात आणि वर्षभर पुरतील अशा फ्रीझरमध्ये भरून ठेवतात. आई तिथून अर्धा तास हलली नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात जाण्याआधी एवढं एक लक्षात घ्या. तिथे मिरची चवीला टाकत नाहीत, मिरचीच खातात. 1965 साली राज्याने आपली अधिकृत भाजी ठरवली तेव्हा मिरची आणि पिंटो घेवडा या दोघांना मिळून तो मान दिला. 'चिली' म्हणजे मिरची, आणि तिच्यापासून केलेला दाट रस्साही चिलीच. शेजारच्या टेक्सासात चिली म्हणून जो खिमा मिळतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. हॉटेलात बसलात की विचारतात, "लाल की हिरवी?" हा प्रश्न राज्याने अधिकृत करून टाकला आहे. दोन्ही हवं असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं.

लाल आणि हिरवी ही एकाच झाडाची दोन वयं. हिरवी कोवळेपणी तोडून भाजतात, त्यामुळे तिला धुराचा वास आणि ताजा, किंचित गवताळ स्वाद असतो. लाल झाडावरच पिकते, माळा करून वाळवतात, मग भिजवून वाटतात. चांगल्या लाल चिलीत लसूण आणि मीठ सोडलं तर फारसं काही नसतं. आधी मनुकांसारखा गोडवा लागतो, मग मातीचा वास येतो आणि तिखट सर्वांत शेवटी घशात चढतं. आपल्याकडचं तिखट जिभेच्या टोकाला झोंबतं, हे तसं नाही.

कोणती जास्त तिखट, याला कायमचं उत्तर नाही. वाण, शेत, पाणी, उन्हाळा यांवर ते फिरतं. वाणांमध्ये बिग जिम सौम्य, सँडिया तिच्याहून कडक, बार्कर त्याहूनही. म्हणून वाढणाऱ्याला सरळ विचारा, "आज कोणती तिखट आहे?" आणि पहिल्या दिवशी दोन्ही वेगळ्या वाटीत मागवून घ्या.

आमचा प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे झाला. मला तोच क्रम बरोबर वाटतो, कारण दक्षिणेत हिरवीचं राज्य आहे आणि उत्तरेत लालचं. लास क्रूसेसच्या दक्षिणेला 28 नंबरचा जुना रस्ता पिकान या अक्रोडासारख्या सुक्या मेव्याच्या बागांमधून जातो, दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना भिडलेली. त्याच रस्त्यावर ला मेसा गावात चोप्स नावाचं हॉटेल आहे. एका साध्या घरासारखं दिसतं. तिथे चिली रेयेनो खा: भाजून सोललेली लांब हिरवी मिरची, आत चीज, बाहेर अंड्याचं हलकं आवरण, आणि तळलेली. आई अंडं खाते, मांस खात नाही. तिच्यासाठी या प्रवासातलं सगळ्यात चांगलं ताट हेच ठरलं.

हॅचमध्ये स्पार्कीज प्रसिद्ध आहे. दारात फायबरग्लासचे अवाढव्य पुतळे, आत हिरव्या मिरचीचा चीजबर्गर. हाच बर्गर उत्तरेकडे जाताना सॅन अँटोनियो या छोट्या गावातल्या आउल बारमध्ये मिळतो. ते 1945 पासूनचं. अणुबॉम्बची पहिली चाचणी त्याच वर्षी 16 जुलैला तिथून जवळच्या वाळवंटात झाली. मी बीफ खात नाही, पण नवऱ्याने दोन्हीकडे खाल्ला आणि त्याचं मत आउलच्या बाजूने पडलं.

शाकाहारी लोकांना मात्र कळकळीने सांगते, जपून. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही विचारलं होतं, हिरव्या चिलीत मांस आहे का. नाही म्हणाले. अर्धी वाटी संपल्यावर तळाशी डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. आईने काही न बोलता चमचा खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं, कारण विचारण्याची जबाबदारी माझी होती. तिथून पुढे मी प्रत्येक ठिकाणी तीन वेगळे प्रश्न विचारले: चिलीत मांस आहे का, ती कशाच्या स्टॉकमध्ये शिजवली आहे, आणि घेवड्यात किंवा तोर्तियात, म्हणजे तिथल्या पोळीत, चरबी आहे का. नुसतं "व्हेजिटेरियन आहे का" विचारून भागत नाही. कालाबासितास, म्हणजे कोवळा भोपळा, मका आणि हिरवी मिरची यांची भाजी, बहुतेक वेळा चालते, पण तीही विचारूनच घ्या.

अल्बुकर्कीत एकच जेवण करता येणार असेल तर ड्युरान फार्मसीत जा. खरंच औषधांचं दुकान आहे, त्यातूनच आत जायचं. हाताने लाटलेल्या गरम तोर्तिया आणि लाल चिली. रात्री उशिरा भूक लागली तर विद्यापीठासमोरचं फ्रंटियर. ते 1971 पासून आहे आणि हिरव्या चिलीचा रस्सा वाडगाभर मिळतो.

सांता फेत द शेड. 1953 पासूनचं हे हॉटेल सतराव्या शतकातल्या जुन्या वाड्यात आहे. दारं इतकी बुटकी की मान लववूनच आत जावं लागतं. निळ्या मक्याच्या तोर्तियांचा एन्चिलाडा घ्या, म्हणजे चिलीत माखलेल्या तोर्तिया, वर लाल. तोर्तिया गुंडाळत नाहीत, एकावर एक रचतात. सोबत लसणाचा पाव येतो. आधी मला तो विजोड वाटला, पण शेवटी ताटातली चिली त्यानेच पुसून खाल्ली. दुपारी रांग असते, उघडायच्या वेळेलाच पोचा.

आणि मग चिमायो. सांता फेहून उत्तरेला तासाभराच्या आत. इथली मिरची लहान, वाकडीतिकडी, पातळ सालीची. घराघरांतून पिढ्यान् पिढ्या बी राखून ती टिकवली आहे. 1816 साली बांधून झालेल्या मातीच्या चर्चमध्ये लोक पवित्र माती घ्यायला येतात, आणि तिथून जवळच रँचो दे चिमायो आहे. 1965 साली एका कुटुंबाने आपल्या जुन्या घरात ते सुरू केलं. इथे मी कार्ने अडोवाडा खाल्लं: लाल चिलीत मुरवून मंद आचेवर तासन् तास शिजवलेलं डुकराचं मांस, काट्याने दाबलं की सुटणारं. तोंड पेटलं तर पाणी पिऊ नका, मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा चीज घ्या. नाहीतर सोपापिया घ्या, ही पुरीसारखी टम्म फुगलेली. तिचा कोपरा तोडून आत मध ओततात.

आईने तिथून लाल पूड घेतली, पाव किलोसुद्धा नव्हती. अस्सल चिमायो महाग असते, आणि त्या नावाने दुसरीच मिरचीही विकली जाते, म्हणून कुणी पिकवली ते विचारूनच तिने घेतली. घरी आल्यावर तिने ती कशातच घातली नाही. कढत तेलात लसूण टाकला, पूड टाकली, थोडं पाणी, मीठ. "याच्यावर दुसरं काही नको," म्हणाली, आणि भाकरीबरोबर वाढली.